बॅटरी-रिसायकलिंग कारखान्याशेजारची हवा, माती, विहीर : नमुना कुठून घ्यायचा, कधी घ्यायचा?

माळावरची | ६ जानेवारी, रात्री ९:५०

आमची वस्ती पश्चिम महाराष्ट्राच्या कोरड्या पट्ट्यात, एका लहान औद्योगिक वसाहतीला लागून आहे. मधे दोन वावरं सोडली की जुन्या बॅटऱ्या फोडून त्यातलं शिसं परत काढणारा कारखाना. सहा वर्षं झाली तो सुरू होऊन. कारखान्याचं नाव लिहीत नाही, कारण माझ्या हातात अजून पुरावा नाही. पुरावा कसा गोळा करायचा हेच विचारायला हा धागा काढला आहे.

दिवाळी झाली की त्रास सुरू होतो. पहाटे गोठ्यात गेलं की घशात आंबूस, गंधकासारखं काहीतरी अडकतं. घरावरचा सोलर पॅनल पुसला की फडक्याला राखाडी, बोटाला चिकटणारी पूड लागते. आमच्या रस्त्याची धूळ तांबूस आहे, ही तशी नाही. कडवळाची पानं उजेडात आडवी धरली तरी तीच पूड दिसते.

गेल्या पौषात आमची म्हैस गेली. आधी चारा सोडला, मग दात खायला लागली, मग भिंतीला डोकं लावून उभी राहायची. डोळ्यांसमोर हात हलवला तरी पापणी लवत नव्हती. चौथ्या दिवशी संपली. डॉक्टर आले तेव्हा म्हणाले, शिशाची बाधा असू शकते, पण यकृत आणि मूत्रपिंडाचा तुकडा तपासायला पाठवला असता तरच सांगता आलं असतं. तोवर आम्ही तिला पुरून मोकळे झालो होतो.

ग्रामसभेत विषय काढला. कारखान्याचे साहेब फाईल घेऊन आले, वागायला चांगले होते. फाईलमध्ये सहा-सहा महिन्यांचे तपासणी अहवाल. हवेतलं शिसं मर्यादेत, धूळ मर्यादेत, विहिरीच्या पाण्यात शिसं आढळलं नाही. सरपंच म्हणाले, आता काय बोलणार. मीही गप्प बसले. पण पॅनलवरची पूड मग कुठून येते?

घरात चार वर्षांची नात आहे. जाणकारांनी मार्ग दाखवावा.

नमुना-बाटली | ६ जानेवारी, रात्री १०:३५

ताई, मी पर्यावरण तपासणीच्या प्रयोगशाळेत बरीच वर्षं काढली आहेत. शेकडो गच्च्यांवर हवेची यंत्रं चढवली. आकड्यांवर आत्ताच भांडू नका. आधी त्या अहवालातून मला चारच गोष्टी सांगा. यंत्र कुठे ठेवलं होतं? कोणत्या महिन्यात? किती तास चाललं? आणि तुमची वस्ती कारखान्याच्या कोणत्या दिशेला आहे?

माळावरची | ७ जानेवारी, सकाळी ११:१५

अहवालाच्या झेरॉक्स काढून आणल्या. वस्ती पश्चिमेला, कारखाना पूर्वेला. यंत्राची जागा प्रत्येक अहवालात एकच, "मुख्य प्रवेशद्वाराजवळ". गेट पूर्वेला, डांबरी रस्त्यावर आहे. एक अहवाल जुलैचा, एक डिसेंबरचा, असं दरवर्षी. तास ८, "सकाळी १० ते संध्याकाळी ६".

नमुना-बाटली | ७ जानेवारी, दुपारी १:०५

उत्तर यातच आहे. आपल्या पठारावर पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून येतो आणि थंडीत मुख्यतः पूर्वेकडून, ईशान्येकडून. म्हणजे डिसेंबरात कारखान्याची हवा तुमच्या वस्तीवर येते आणि गेटवरचं यंत्र वाऱ्याच्या वरच्या अंगाला, स्वच्छ बाजूला बसलेलं असतं. जुलैत वारा गेटकडे जातो खरा, पण तेव्हा पाऊस हवा धुऊन काढतो. दोन्ही वेळचे आकडे खरे असतील, कुणी खाडाखोड केली असेल असं मी म्हणत नाही. पण त्यातून तुमच्या अंगणाबद्दल एक अक्षरही कळत नाही.

वेळेचंही तसंच. थंडीत सूर्य मावळला की जमिनीलगतची हवा गार होऊन खालीच बसते, धूर वर जाऊन विरत नाही. तुमच्या घशाला पहाटे जाणवतं ते त्यामुळे. सकाळी १० नंतर ऊन तापतं, हवा वर उचलली जाते, आणि नेमकं तेव्हा यंत्र सुरू होतं.

२००९ च्या राष्ट्रीय हवा मानकांत शिशाची मर्यादा २४ तासांच्या सरासरीला घनमीटरमागे १ मायक्रोग्रॅम आहे आणि वर्षाच्या सरासरीला ०.५. वर्षाची सरासरी काढायची तर एकाच जागी आठवड्यातून दोनदा, २४-२४ तास, अशी वर्षात किमान १०४ मोजमापं हवीत. दोन दिवस आठ-आठ तास मोजून "मर्यादेत" हा शब्द वापरणं मला स्वतःला मान्य नाही.

पुढचा नमुना वस्तीच्या पूर्व कडेला, सलग २४ तास, डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात व्हायला हवा. त्याच दिवशी दुसरं यंत्र वाऱ्याच्या वरच्या अंगाला ठेवायचं. दोन्हीतला फरक हाच कारखान्याचा वाटा. एकट्या आकड्यावर ते महामार्गाकडे बोट दाखवतील, जोडीने मोजलं की तो रस्ता बंद होतो.

भट्टीकाम | ७ जानेवारी, रात्री ११:२०

मी अशाच एका कारखान्यात (तुमच्याकडचा नव्हे) भट्टीवर तीन वर्षं होतो. आतली गोष्ट सांगतो.

लोक चिमणीकडे बघत बसतात. चिमणीला बॅग फिल्टर, म्हणजे धूळ गाळणाऱ्या कापडी पिशव्या, असतो, पुढे धूर धुणारा स्क्रबर असतो, ते नीट चालले तर बरीच धूळ धरतात. पण भट्टीचं तोंड उघडून माल टाकताना आणि खाली शिसं ओतून घेताना जो पांढरट धूर उठतो, तो हूडने ओढून घेतला नाही तर शेडच्या पत्र्यातून, दारातून सरळ बाहेर. तो चिमणीतून जातच नाही, मग चिमणीच्या अहवालात कसा येईल? तसंच बॅटरी फोडायच्या जागेचं. खाली सांडलेला चिखल वाळतो, गाड्यांच्या चाकांना लागून गेटबाहेर येतो. ओला असताना काही नाही, वाळला की पीठ.

बॅग फिल्टरवर एक साधी काचेची नळी किंवा डायल असतो, पिशव्यांच्या अलीकडचा आणि पलीकडचा दाब सांगणारा. फरक जवळजवळ शून्य म्हणजे पिशव्या फाटल्या किंवा पंखा बंद. फार वाढला म्हणजे पिशव्या तुंबल्या. बोर्डाचे, म्हणजे प्रदूषण नियंत्रण मंडळाचे साहेब आले की तो डायल आणि त्याची रोजची नोंदवही बघायला सांगा. दुसरं, पंख्याच्या विजेचं मीटर. प्रदूषण-यंत्रणेला वेगळं मीटर असेल तर भट्टी किती रात्री चालली आणि पंखा किती रात्री चालला हे दोन कागद शेजारी ठेवले की कळतं. मोठा पंखा वीज खातो. आमच्याकडे रात्री तो कधी बंद व्हायचा हे मला माहीत आहे, म्हणून सांगतोय.

आणि ताई, कारखान्यातून घरी येणाऱ्या माणसाचे कपडे घरातल्या कपड्यांत धुऊ नका. मी ते करत होतो. माझ्या मुलाचं रक्त तपासलं तेव्हा कळलं.

बालरोग | ८ जानेवारी, सकाळी ७:४०

भट्टीकाम दादा, शेवटची ओळ लिहायला किती जड गेलं असेल ते समजतं. लिहिलीत हे फार मोठं काम केलंत.

माळावरची ताई, हवा-पाण्याचं चालू राहील, नातीचं रक्त या आठवड्यात तपासून घ्या. बोटाला टोचून घेतलेल्या थेंबात त्वचेवरच्या धुळीतलं शिसं मिसळू शकतं, त्यामुळे शिरेतून घेतलेल्या रक्ताचीच तपासणी मागा. जागतिक आरोग्य संघटना डेसिलिटरमागे ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त आलं तर शिसं कुठून येतंय ते शोधून थांबवा असं सांगते. पण त्याखाली सुरक्षित, असं नाही. मुलांसाठी शिशाची सुरक्षित पातळी आजवर सापडलेली नाही. आकडा वाढलेला दिसला तरी बहुतेक वेळा औषधाआधी एकच उपाय असतो, मूल आणि शिसं यांची गाठ तोडणे.

तोवर घरात झाडू मारू नका, ओल्या फडक्याने पुसा. झाडूने पूड पुन्हा हवेत उठते आणि मुलं तिथेच, जमिनीपासून हातभर उंचीवर श्वास घेतात. जेवायच्या आधी हात धुवा. पालेभाजी नीट धुवा, बाहेरची पानं काढून टाका. रक्तात लोह कमी असेल तर शिसं जास्त शोषलं जातं, तेव्हा हिमोग्लोबिनही बघा. नाचणी, डाळ, गूळ-शेंगदाणे, लिंबू, दूध हे आपल्या घरातलंच आहे. दूध मात्र त्या कडवळावर पोसलेल्या जनावराचं नको, निदान तपासणी होईपर्यंत.

केनियात मोम्बासाजवळ ओविनो उहुरू नावाची वस्ती आहे. तिथल्या बॅटरी गाळणाऱ्या कारखान्यात २००९ मध्ये फिलिस ओमिडो नोकरीला लागल्या, पर्यावरण अहवालाचं काम त्यांच्याकडे होतं. त्यांचं तान्हं बाळ आजारी पडलं, निदान होईना, शेवटी रक्तात शिसं सापडलं. मग त्यांनी शेजारपाजारची मुलं तपासून घेतली. पुढे तो कारखाना २०१४ मध्ये बंद झाला, आणि २०२० मध्ये न्यायालयाने वस्तीला भरपाई मंजूर केली. सुरुवात एका बाळाच्या रक्ततपासणीने झाली होती.

वसाहत फाटा | ८ जानेवारी, दुपारी ३:१०

माझा भाऊ अशाच युनिटमध्ये आहे. घर त्याच्यावर चालतं. तुम्ही सगळे तळमळीने लिहिताय, पण याचा शेवट "बंद करा" असा होऊ नये असं मनापासून वाटतं. प्रत्येक रिक्षात, ट्रॅक्टरमध्ये, इन्व्हर्टरमध्ये बॅटरी आहे. परवान्याचा कारखाना बंद झाला की त्याच बॅटऱ्या ओढ्याकाठी, उघड्यावर कढईत वितळवल्या जातील. सेनेगलमध्ये थियारॉय-सुर-मेर इथे अशाच घरगुती बॅटरी-धंद्यामुळे २००७ च्या नोव्हेंबरपासून २००८ च्या मार्चपर्यंत १८ मुलं दगावली. तिथे मोजायला चिमणीही नव्हती.

माळावरची | ८ जानेवारी, रात्री ९:००

दादा, तुमच्या भावाची भाकर काढून घ्यायची इच्छा माझ्या मनातसुद्धा नाही. आमच्या वस्तीतलीही सात-आठ पोरं तिथे जातात. खरं तर मोजलं तर सगळ्यात आधी त्यांचंच भलं होईल, ती तर आत उभी असतात. त्यांचं रक्त कारखाना तपासतो का, हेही मी विचारणार आहे. तुमच्या भावाचं तपासतात का?

वसाहत फाटा | ८ जानेवारी, रात्री ९:४५

वर्षातून एकदा रक्त घेतात. कागद हातात देत नाहीत. मी त्याला मागायला सांगतो.

कागदपत्र | ९ जानेवारी, सकाळी १०:३०

माहिती अधिकाराचा अर्ज आजच टाका. १० रुपये, ३० दिवस. मंडळाच्या उपप्रादेशिक कार्यालयाकडे मागा : संमतीपत्र (कारखाना चालवायची मंडळाची परवानगी) सगळ्या अटींसह, दरवर्षी ३० सप्टेंबरपर्यंत द्यायचं पर्यावरण विवरण म्हणजे फॉर्म ५, घातक कचऱ्याचं ३० जूनपर्यंत द्यायचं वार्षिक विवरण म्हणजे फॉर्म ४, आणि कचरा बाहेर नेताना भरायचे फॉर्म १०.

शेवटच्याला मी फार महत्त्व देतो. भट्टीतून शिसं निघतं तसा स्लॅगही, म्हणजे वितळून उरलेला मळ, निघतो, त्यात शिसं उरलेलं असतं. तो रांजणगाव, तळोजा, बुटीबोरी इथल्यासारख्या घातक कचऱ्याच्या अधिकृत जागेवरच जायला हवा. किती बॅटऱ्या आल्या, किती शिसं विकलं, किती स्लॅग फॉर्म १० वर बाहेर गेला, हा हिशेब मांडा. स्लॅग निघायला हवा तेवढा बाहेर गेलेला दिसत नसेल तर तो गावातच कुठेतरी आहे. रस्त्याच्या भरावात बघा, कुंपणामागच्या खड्ड्यात बघा. एका गावात तो शाळेच्या पटांगणात निघालेला मी स्वतः पाहिला आहे, काळे, जड, काचेसारखे खडे. मुलं त्यांनी ठिक्कर खेळत होती.

दुसरं, तुम्ही स्वतः घेतलेला नमुना न्यायालयात पुरावा म्हणून टिकेलच असं नाही. कायद्यात मंडळाने नमुना कसा घ्यायचा, सीलबंद कसा करायचा, कारखानदाराला नोटीस कशी द्यायची याची पद्धत आहे. तुमचा नमुना मंडळाला हलवण्यासाठी. मंडळाने पद्धतीने घेतलेला नमुना पुढच्या लढ्यासाठी. पर्यावरणाचे दावे ऐकणाऱ्या राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचं पश्चिम विभागाचं पीठ पुण्यातच आहे. तिथे मूळ अर्जाला कारण घडल्यापासून सहा महिन्यांची मुदत असते, भरपाईच्या अर्जाला पाच वर्षांची. म्हणून म्हैस कधी गेली, डॉक्टर कधी आले, या तारखा आत्ताच लिहून ठेवा.

पूर्व लॉस एंजलिस | ९ जानेवारी, रात्री ११:५५

मी मूळची साताऱ्याची, इथे वीस वर्षं आहे. आमच्या बाजूला व्हर्ननमध्ये बॅटरी-रिसायकलिंगचा मोठा कारखाना होता, १९२२ पासून त्या जागी शिसं गाळलं जात होतं. तो २०१५ मध्ये कायमचा बंद झाला. मग घरांच्या अंगणातली माती तपासायला घेतली, कारखान्यापासून १.७ मैल, म्हणजे पावणेतीन किलोमीटरपर्यंत. सुमारे १० हजार घरं त्या वर्तुळात येतात. २०१६ मध्ये राज्याने १७ कोटी ६६ लाख डॉलर दिले, ते पुरले नाहीत. २०२० मध्ये कंपनी दिवाळखोरीतून जागा सोडून निघून गेली. मातीचा खर्च लोकांच्या कराच्या पैशावर आला.

ताई, हवा आजची गोष्ट सांगते. माती सहा वर्षांची सांगेल. शिसं विरत नाही, उडून जात नाही, वरच्या दोन बोटांच्या थरात बसून राहतं. हवा मोजायला यंत्र लागतं, परवानगी लागते. मातीला खुरपं पुरतं.

नमुना-बाटली | १० जानेवारी, सकाळी ८:२०

लॉस एंजलिसच्या ताईंचं म्हणणं अगदी बरोबर. मातीबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण इथेच लोक घाई करतात.

नांगरलेल्या वावरातली माती घेऊ नका, ती उलथीपालथी झालेली असते. बांधावरची, मंदिराच्या आवारातली, जुन्या झाडाखालची, वर्षानुवर्षं न हललेली जागा शोधा. कारखान्यापासून पश्चिमेला एका रेषेत चालत जा : कुंपणालगत, मग १०० मीटरवर, ३००, ६००, एक किलोमीटर. प्रत्येक ठिकाणी दोन नमुने, वरचा दोन-अडीच सेंटिमीटरचा वेगळा आणि हातभर खालचा वेगळा. वर शिसं जास्त आणि खाली कमी असेल तर ते आकाशातून पडलेलं आहे. खडकातलं असतं तर खालीही तेवढंच सापडलं असतं. आणि कुंपणापासून लांब जाताना आकडा उतरत गेला तर कोण जबाबदार हे माती स्वतः सांगते. रस्त्यापासून मात्र लांब राहा. पेट्रोलमध्ये शिसं २००० सालापर्यंत होतं, जुन्या महामार्गांच्या कडेला ते अजून सापडतं.

विहिरीबद्दल. "शिसं आढळलं नाही" हे वाचून निश्चिंत होऊ नका, घाबरूही नका. तुमच्याकडे काळी, चुनखडीची माती आहे, ती शिसं घट्ट धरून ठेवते, विहिरीपर्यंत सहजी जाऊ देत नाही. पण बॅटरीतलं आम्ल गंधकाचं असतं. ते जमिनीत मुरलं की सल्फेट पाण्याबरोबर पुढे पळतं. म्हणून शिशाआधी सल्फेट आणि सामू (पीएच) तपासा. पिण्याच्या पाण्यात सल्फेट लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत चालतं, दुसरी सोय नसेल तर ४०० पर्यंत. शिशाला ०.०१ मिलिग्रॅमच्या वर सूट नाही. कारखान्याकडच्या विहिरीत सल्फेट दरवर्षी चढत असेल आणि लांबच्या विहिरीत नसेल, तर आम्ल जमिनीत मुरत असावं आणि मागून शिसंही येऊ शकतं असं समजा. शिशासाठीच्या बाटलीत प्रयोगशाळेकडून नायट्रिक आम्लाचे थेंब टाकून घ्या, नाहीतर शिसं बाटलीच्या भिंतीला चिकटतं आणि अहवाल निर्मळ येतो. हा घोळ मी फार वेळा पाहिला आहे.

माळावरची | २७ जानेवारी, रात्री १०:१०

उशीर झाला लिहायला. नातीचं रक्त तपासलं. डॉक्टर म्हणतात तितकं बरं नाही, पण औषधाची पाळी नाही. तीन महिन्यांनी पुन्हा. आकडा इथे लिहवत नाही. तिची खेळायची जागा घरामागे पश्चिमेला हलवली, अंगणात शेणसडा आता रोज दोनदा, आणि लोहाचं औषध सुरू आहे.

मातीचे दहा नमुने घेतले. वस्तीतल्या दोन कॉलेजच्या मुली माझ्याबरोबर होत्या, एकीने मोबाईलवर प्रत्येक जागेचा फोटो आणि अक्षांश-रेखांश घेतले, दुसरीने वहीत तारीख, वेळ, वारा. एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यतेच्या प्रयोगशाळेत दिले. नमुना-बाटली दादांनी लिहिलं तसंच आलं. कुंपणालगत सर्वात जास्त, मारुतीच्या पारापर्यंत उतरत गेलं, आणि प्रत्येक जागी वरच्या थरात खालच्यापेक्षा कितीतरी पट. विहिरीत शिसं नाही. सल्फेट जवळच्या विहिरीत जास्त आहे, लांबच्या दोन विहिरींत नाही.

ते कागद घेऊन मंडळाच्या कार्यालयात गेलो. यावेळी एकटी नव्हते, तेरा जण होतो. साहेबांनी नकाशा पसरून वारा कुठून येतो ते आमच्याकडून ऐकून घेतलं, आणि यंत्र वस्तीच्या पूर्व कडेला २४ तास लावायचं कबूल केलं. लेखी घेतलं.

वसाहत फाटा | २८ जानेवारी, सकाळी ६:५०

भावाला रक्ताचा कागद मिळाला. जास्त आहे. त्याला महिनाभर भट्टीवरून काढून गोदामात टाकलंय, पगार तोच. त्याच्या पाळीतल्या आणखी चौघांनी कागद मागितले आहेत.

कागदपत्र | २८ जानेवारी, सकाळी ९:१५

माळावरची ताई, मातीचे अहवाल जिल्हाधिकाऱ्यांनाही एक प्रत द्या. २०२५ च्या जुलैमध्ये दूषित जागांसाठी वेगळे नियम आले आहेत. संशयित जागा कळवायचं काम त्यात स्थानिक प्रशासनाकडेही आहे. पोच घ्या, शिक्क्यासकट.

माळावरची | ११ फेब्रुवारी, रात्री ८:३०

मंडळाची माणसं सोमवारी येत आहेत. यंत्र संध्याकाळी ६ ला सुरू, मंगळवारी ६ ला बंद. एक आमच्या पाण्याच्या टाकीवर, दुसरं गेटपलीकडे वाऱ्याच्या वरच्या अंगाला. त्या रात्री भट्टी नेहमीसारखी चालते का, हे पाळीवरची पोरं बघणार आहेत, आणि वीजमीटरचं रीडिंग सुरू होताना व बंद होताना दोन्ही वेळा पंचांसमोर लिहून घ्यायचं ठरलं आहे. कारखान्याच्या साहेबांनाही बोलावलं आहे, ते येतो म्हणाले.

टाकीखाली रात्रभर कुणीतरी जागं राहायला हवं. दोन-दोन तासांच्या पाळ्या लावल्या आहेत, पहाटे ३ ते ५ ची अजून रिकामी आहे. जवळपासचं कुणी येऊ शकत असेल तर व्यक्तिगत निरोप करा. चहाची सोय आमच्याकडे.